पेडल आधी की डबा आधी

गिटारपासून पेडलपर्यंत

पहिली वायर सगळ्यात साधी. एक टोक गिटारीत, दुसरं पायाखालच्या, दाबलं की आवाज वाढवणाऱ्या पेडलमध्ये. हिच्यात चुकायला जागाच नसते, असं सरकदादा आयुष्यभर सांगत आला होता, आणि आज दुपारी त्याला नेमकी हीच वायर चुकलेली हवी होती.

चुकली नव्हती. पुतणीने ती काढली, खिडकीच्या उजेडात पिना बघितल्या, वाकवली, हलवली, परत लावली.

"ठणठणीत आहे, काका."

"दुसरी लावून बघ. वायरीचं काही सांगता येत नाही. वरून धडधाकट दिसते, आतून तुटलेली असते."

"माणसांसारखी," आतल्या खोलीतून बायको म्हणाली आणि तिचं शिलाई मशीन परत घर्रर्र सुरू झालं.

सरकदादा हे त्याचं नाव नव्हे. त्याची गिटार आडवी, पाय लावलेली, इस्त्रीच्या टेबलासारखी. तिच्या तारा बोटांनी दाबायच्या नसतात. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची आणि तारांवरून सरकवायची, की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी पाणी वाहावं तसा जातो. जन्मभर सरकवण्याचंच काम केलं म्हणून सरकदादा. त्याचा जोडीदार अकॉर्डियन वाजवायचा, तो भात्या. दोघांची खरी नावं त्यांच्या बायकांना आणि वीजबिलालाच काय ती ठाऊक होती.

दर शनिवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये हे दोघे वाजवायचे आणि म्हातारी जोडपी नाचायची. नाचायची म्हणजे एकमेकांना धरून उभी राहायची आणि अधूनमधून जागा बदलायची. त्यासाठी संथ सूर लागतो. गेल्या शनिवारी तो सूर तुटला. सामान आवरताना भात्या म्हणाला, "सरक्या, तुझ्या अँपचं रडगाणं मी थंडीपासून ऐकतोय. तीन वायरी मीच आणून दिल्या. आता काय ते एकदाचं कर. गुरुवारी दिवेलागणीला फोन करतो. आवाज नीट झाला तर ठीक, नाहीतर मी सॅक्सोफोनवाल्याला सांगतो."

आज गुरुवार. बायकोने परस्पर पुतणीला फोन केला होता. पुतणी एका मोठ्या सभागृहात साउंड बघायची. तिथे धूळ खात पडलेला एक प्रोसेसर ती पिशवीत घालून घेऊन आली होती. आवाजाला एको लावायचा, गुहेसारखा घुमवायचा, काय हवं ते करायचं, असली ती वस्तू. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्या वस्तूचं नाव डबा पडलं. अँपच्या, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याच्या, पोटातला घुमारा मेलाय असं काकाच सांगत होता ना, मग तो घुमारा आता डबा देणार. काम सोपं होतं. डबा अँपला जोडायचा, आवाज नीट करायचा, फोनवर "झालं" म्हणायचं.

काम सोपं होतं हीच तर पंचाईत होती. सगळं नीट झालं की सरकदादाकडे दोष द्यायला काही उरणार नव्हतं. उरणार होता फक्त त्याचा डावा हात.


पेडलपासून डब्यापर्यंत

"ही जी गुणगुण येतेय ना," तो म्हणाला, "ती ऐक. माशी अडकल्यासारखी. असल्या गुणगुणीत माणूस काय वाजवणार?"

पुतणी जमिनीवर फतकल मारून बसली होती. तीन दिवस तिच्या सभागृहात कुठल्याशा डॉक्टरांची परिषद होती आणि प्रत्येक वक्त्याने बोलायच्या आधी माइकवर टकटक केली होती. तिच्या कानात अजून ती टकटक होती. आज तिची सुट्टी होती.

"गुणगुण आहे खरी," ती म्हणाली.

सरकदादाला बरं वाटलं. मग लगेच बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

"तुझ्या काकूचं मशीन," तो म्हणाला. "त्याची मोटर लागली की अँपमध्ये खरखर येते. थंडीपासून सांगतोय."

मशीन थांबलं. "मी थांबले," आतून आवाज आला. "आता वाजवा."

खरखर गेली, गुणगुण राहिली. बायकोचं मशीन थांबणं ही या घरात साधी गोष्ट नव्हती. ते चालू असलं की ती शिवत असायची. थांबलं की ऐकत असायची. दोघंही पायाने कमावणारी माणसं, असं भात्या म्हणायचा: हिचा पाय मशीनवर, त्याचा पाय पेडलवर, आणि संसार मध्ये अधांतरी.

"काका, अँप कुठल्या प्लगमध्ये आहे?"

"सोफ्यामागच्या."

"आणि डबा मी दारापाशी लावलाय. दोघांची वीज दोन दिशांनी येतेय, म्हणून भांडतायत." तिने सोफा गुडघ्याने ढकलला, दोन्ही प्लग काढून एकाच बोर्डात लावले, आणि अँपचं बटण दाबलं.

माशी उडून गेली. खोली इतकी गप्प झाली की खालच्या मजल्यावरचा नळ ऐकू आला.

"गेली," पुतणी म्हणाली.

"गेली," सरकदादा म्हणाला, कुणी वारल्यासारखं.

"जरा वाजवा ना. लांब सूर धरा एखादा."

त्याने दोन-चार सूर वाजवले. आखूड. चिमटीने मीठ टाकावं तसे.

"लांब, काका. एको कळायला नको?"

"कळतंय की. आवाज कोंदट येतोय बघ. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा."

आणि तो खोटं बोलत नव्हता. आवाज खरोखर हंड्यातला होता. देव असा अधूनमधून मदतीला येतो.


जे त्याने पुतणीला सांगितलं

"अगं, शेवटचं गाणं होतं. सगळी जोडपी उठलेली. मी वरचा सूर धरला, लांब, आणि अँप एकदम थरथरायला लागला. जुनाच तो. त्याचं वय तुझ्याहून जास्त. सूर असा फाटला की लोक थांबले. मी काय करणार? अँपच्या पाठीवरून हात फिरवला, बाबापुता केलं. एकदा नाट लागला की लागला."


जे झालं

अँप थरथरला नाही.

थंडीत एका सकाळी शर्टाच्या कफाचं बटण लागेना, तेव्हा ते पहिल्यांदा झालं. त्याला वाटलं गारठा. मग ऊन पडलं तरी गारठा गेला नाही. डावा हात मांडीवर ठेवला की गप्प बसायचा. कांडी धरली, सुरावर टेकवली, आणि जरा वेळ झाला की आपल्या मनाने हलायचा. सूर लाडाने झुलवायचा असतो, ते वेगळं. तो हात झुलवणारा असतो. हा हलणारा होता. दोन्हींतला फरक वाजवणाऱ्याला कळतोच, पण नाचणाऱ्याच्या पायालाही कळतो.

तो डॉक्टरकडे गेला नाही. डॉक्टर नाव सांगतो, आणि नाव सांगितलं की दुखणं पाहुण्यासारखं येत नाही, बाडबिस्तरा घेऊन येतं.

त्याने दुसरी युक्ती काढली. उजवा पाय शहाणा होता. कांडी हलायला लागणार असं वाटलं की पाय पेडलवरून उचलायचा. आवाज बंद, थरथर बंद. डाव्या हाताची चोरी उजवा पाय झाकू लागला. सूर आखूड झाले, पण स्वच्छ राहिले. भात्या म्हणाला, "हल्ली तोडून तोडून वाजवतोस, काय नवीन फॅशन?" तो म्हणाला, "अँप."

गेल्या शनिवारी पाय दमला होता. उचलायला उशीर झाला. तेवढ्यात हात सगळ्या हॉलसमोर बोलून गेला. खाली एका बाईने नवऱ्याच्या बुटावर पाय दिला, नवरा "आई गं" म्हणाला, आणि त्यांच्यामागची जोडपी...


अँपमधून डब्यात, डब्यातून परत अँपमध्ये

"काका! कुठे हरवलात? ही वायर धरा."

त्याने धरली. उजव्या हाताने.

पुतणी अँप फिरवून त्याच्या पाठीशी बसली होती. मागच्या बाजूला दोन भोकं. एकावर सेंड लिहिलेलं, दुसऱ्यावर रिटर्न. डबा जोडायची ही खरी जागा: अँप आवाज सेंडमधून बाहेर देतो, डब्यात त्याला एको चढतो, आणि तो रिटर्नमधून परत आत येतो.

"मी आत जेवत होते तेव्हा तुम्ही स्वतः लावून बघितलं होतं ना? काकू सांगत होती."

"बघितलं. काही आवाजच आला नाही. म्हणून तर म्हणतो, अँप गेला."

"उलट्या लावल्यात तर काय येणार? काका, सेंड म्हणजे पाठवणी. रिटर्न म्हणजे माहेरपण. तुम्ही पोरीला माहेरपणाच्या दाराने सासरी पाठवत होतात."

आतून बायको हसली. मशीन अजून बंदच होतं.

"हसू नकोस," तो ओरडला. "तुझं काम कर."

"काय करू? मशीन लावलं की तुमची खरखर. बसलेय हात बांधून."

हंड्यातला आवाजही पुतणीला सापडला. डबा स्वतःच अँप असल्याचं सोंग करत होता. त्याच्यात तशी सोय असते, ती कुणीतरी चालू ठेवली होती. "अँपमध्ये अँप," ती म्हणाली, "म्हणजे टोपीवर टोपी." तिने सोंग उतरवलं. मग आवाज फाटायला लागला. सरकदादाने मान वर केली. पण तेही एका छोट्या बटणाचं काम निघालं. डब्याच्या पाठीवर ते होतं, त्याच्या दोन जागा: गिटारीसाठी एक आणि अँपसाठी एक. ते सरकवल्यावर फाटणं थांबलं.

तो एकेक दोष पुढे करत होता आणि ती एकेक काढून घेत होती. जत्रेतून निघताना पोराच्या हातातली खेळणी आई पिशवीत टाकते तशी. रागावून नाही. घरी जायची वेळ झाली म्हणून.

"झालं," ती म्हणाली, आणि सोफ्याला टेकून तिने डोळे मिटले. "आता काही राहिलं नाही. वाजवा."

खिडकीतलं ऊन गिटारीवरून उतरून लादीवर आलं होतं. फोन टीपॉयवर पालथा पडला होता.

सरकदादाने कांडी उचलली. पुसली. परत पुसली.

"पेडलची जागा चुकलीय," तो म्हणाला.


डब्यापासून पेडलपर्यंत

पुतणीने डोळे उघडले.

"काय?"

"पेडल शेवटी हवं. डब्याच्या नंतर. आत्ता ते गिटारीनंतर लगेच लावलंय तू."

"तिथेच असतं ते. पेडल आधी, डबा नंतर. म्हणजे तुम्ही पाय उचललात तरी एकोची शेपटी राहते, हळूहळू विरते. ती शेपटी हवी म्हणूनच तर डबा आणला ना?"

"मला शेपटी नको."

"काका, शेपटी नको तर डबा कशाला? बिनशेपटीची पाल पण बरी दिसत नाही."

"मी वाजवतो का तू वाजवतेस?"

या घरात त्याचा आवाज सहसा चढत नसे. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला. पुतणीने खांदे उडवले. तीन दिवस डॉक्टरांच्या परिषदेत तिने असेच खांदे उडवले होते. गिटारीची वायर थेट अँपला लावली, डब्याच्या बाहेर येणारी वायर पेडलला, पेडलची रिटर्नला. आता सगळ्यात शेवटी पाय. पायाने दार लावलं की आतलं बाहेर काही येणार नाही, एको असो की आणखी काही.

"घ्या. तुमच्या मनासारखं."

त्याने वाजवलं. आता त्याला भीती नव्हती. एक गाणं, अर्धं, मधलं कडवं. सूर यायचा, एको सुरू व्हायचा, आणि पाय वर. कट. सूर, एको, कट. पोलिसाने गाडी अडवावी तसा पाय प्रत्येक सुराला अडवत होता. स्वच्छ होतं सगळं. एकाही सुराला डाग नव्हता, आणि एकही सूर कुठे पोचत नव्हता.

त्याने मान वर केली तेव्हा पुतणी त्याच्या हातांकडे बघत नव्हती. ती लादीवर पोटावर पालथी झोपली होती, हनुवटी मुठींवर, आणि गिटारीच्या खालून त्याच्या मोज्याकडे बघत होती.

एवढी मोठी बाई. पण ही तिची जुनी जागा होती. शाळेला सुट्टी लागली की त्याचा भाऊ तिला इथे आणून सोडायचा आणि ती दिवसभर गिटारीखाली पडून राहायची, कारण वर काय चाललंय ते तिला दिसायचं नाही आणि खाली काय चाललंय ते फक्त तिलाच दिसायचं. एकदा तिने काकूला सांगितलं होतं, काका हाताने वाजवत नाही, पायाने वाजवतो.

"परत वाजवा," ती खालून म्हणाली.

"कशाला?"

"वाजवा ना."

वाजवलं. अर्ध्यातच ती उठून बसली. अंगाला लागलेली धूळ झटकली. बराच वेळ झटकत राहिली.

"काका," ती हळू म्हणाली, म्हणजे आत ऐकू जाणार नाही इतकं हळू, "पूर्वी सूर विरायला लागला की तुमचा पाय खाली जायचा."

त्याने कांडी मांडीवर ठेवली.

"रोपाला पाणी घालतात तसा. सूर सुकायला लागला की थोडा दाब, अजून थोडा दाब. मला पाठ होतं ते. आता तो वर जातोय. सूर जिवंत असतानाच."

"सवय बदलते माणसाची."

"हो. पण उलटी होत नाही."

खालच्या मजल्यावरचा नळ कुणीतरी बंद केला.

"दमलीस तू," तो म्हणाला. "राहू दे आज. भात्याला सांगतो, डबा चालत नाही. परत कधीतरी बघू."

"मी दमलेय," पुतणी म्हणाली. "तुम्हीपण दमलायत. थंडीपासून." ती उठली, तिने पेडलच्या दोन्ही वायरी काढल्या. "एकदाच माझ्या पद्धतीने. मग मी सगळं गुंडाळून पिशवीत घालते, आणि भात्याकाकांना तुम्ही काय वाटेल ते सांगा. मी मध्ये पडणार नाही."


पेडल आधी, डबा नंतर

तो नाही म्हणू शकला असता.

नाही म्हणायलाही जोर लागतो. चोर पळून पळून दमतो आणि शेवटी पोलीसचौकीच्याच पायरीवर बसतो, तशी काहीशी त्याची गत झाली होती. तिने वायरी परत पहिल्यासारख्या लावल्यावर त्याने मोजा घातलेला पाय पेडलवर ठेवला. कांडी उचलली, वरच्या सुरावर टेकवली. गेल्या शनिवारचाच सूर.

छेडला.

सूर आला, पूर्ण, गोल. पायाला वर जायचं होतं. त्याने जाऊ दिला नाही. सूर विरायला लागला, त्याने पाय दाबला. सूर परत उभा राहिला. अजून दाबला. किती दिवसांनी तो सुराला एवढा वेळ भेटत होता. आणि मग हात हलला.

आधी थोडा. मग त्याला कुणी अडवत नाही हे कळल्यासारखा, मोकळा. कांडी तारांवर किणकिणली. सूर दोन सुरांच्या मध्ये लोंबकळायला लागला, कडी निघालेल्या दारासारखा. त्याने पाय टाचेपर्यंत दाबून धरला आणि सगळं बाहेर जाऊ दिलं. मग उजव्या तळव्याने तारा बंद केल्या, पाय उचलला.

पण डबा पुढे होता. डब्याने ऐकलं होतं. डब्याने ते परत सांगितलं, थरथरीसकट.

परत सांगितलं, जरा हळू.

परत, कुजबुजल्यासारखं.

परत.

मग फक्त अँपचा श्वास राहिला. पुतणी सोफ्याच्या हातावर बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, त्यावर काही नव्हतं.

आतलं मशीन गप्प होतं. ते किती वेळापासून गप्प आहे हे सरकदादाला एकदम आठवलं.

टीपॉयवर फोन वाजला.


फोन

"बोल सरक्या. झाला का अँप?"

"झाला."

"डबा?"

"लागला. मस्त लागला. पोरीने गुणगुणसुद्धा घालवली."

"वा! मग शनिवारी..."

"भात्या, अँपला काही झालंच नव्हतं."

"म्हणजे?"

"हात गेलाय माझा. डावा. थरथरतो."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"थंडीपासून? अरे गाढवा, मी तीन वायरी आणल्या! त्या दुकानदाराशी भांडलो मी! त्याच्या बापाचा उद्धार केला!"

"माहितीये."

"त्याची माफी कोण मागणार आता? तू? थरथरत्या हाताने?" भात्या जोरात श्वास घेत होता, रागावला की त्याचा अकॉर्डियन व्हायचा. मग आवाज खाली आला. "डॉक्टर काय म्हणतो?"

"गेलो नाही."

"अर्थात. तू कशाला जाशील. डॉक्टरकडे वायर बदलून मिळत नाही." मग तो म्हणाला, "हे बघ. संथ गाणी काढून टाकू. सगळी जलद घेऊ. जलद सुरात कोणाच्या लक्षात येतंय हात हलतोय ते? उलट बरं."

सरकदादाच्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं. शनिवार, पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा, टुणटुण टुणटुण. त्याने डोळ्यांसमोर हॉल आणला. छडी खुर्चीला टांगून ठेवणारा तो म्हातारा. बायकोच्या खांद्यावर कपाळ टेकवून डुलकी काढणारा दुसरा. बुटावर पाय देणारी ती बाई.

"त्यांना जलद झेपत नाही," तो म्हणाला. "दोघं-तिघं पडतील. कंबर मोडायची कोणाची तरी."

"पडतील खरे," भात्या म्हणाला.

"सॅक्सोफोनवाल्याला सांग. फुंकतो बरा तो. दम लांब आहे त्याचा. फक्त शेवटच्या गाण्यात घाई करतो, त्याला म्हणावं, त्यांना एकमेकांना सोडायला वेळ दे."

"तूच सांग ना. ये शनिवारी. समोर बसून सांग."

"बघू."

"बघू नाही. ये. आणि तो अँप माझ्याकडून उचलला जाणार नाही, तो घरीच ठेव." फोन बंद झाला. भात्या फोन ठेवताना कधीच निरोप घेत नसे; गाणं संपल्यावर मात्र शेवटचा सूर उगाच ताणायचा.


काज

बायको दारात उभी होती. तिच्या हातावर त्याचा शनिवारचा शर्ट होता, पांढरा, कडक इस्त्रीचा. गळ्यात टेप, दोन टाचण्या ओठांत. तिने टाचण्या काढून पदराला टोचल्या.

"याचं काय करू?" ती म्हणाली.

"कशाचं?"

"बटणांचं. घरातल्या सगळ्या शर्टांची बदलली मी, मोठी लावली. एवढा एकच ठेवला होता. म्हटलं वाजवायचा शर्ट आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावू नये."

त्याने आपल्या अंगातल्या शर्टाच्या कफाकडे बघितलं. निळं बटण, चांगलं मोठं, पोरांच्या स्वेटरला असतं तसं. महिनाभर ते रोज सकाळी पहिल्या झटक्यात लागत होतं आणि महिनाभर तो स्वतःला सांगत होता की आज हात बरा आहे.

"कधी बदललीस?"

"तुम्ही झोपता तेव्हा. दुपारी."

"बोलली नाहीस."

"तुम्ही कुठे बोललात?"

पुतणी एक वायर गुंडाळायला लागली होती. ती अर्ध्यात थांबली, कुणाकडेच न बघता. मग परत गुंडाळू लागली.

"बदल," सरकदादा म्हणाला. "मोठी लाव."

"काजंपण मोठी करावी लागतील."

"कर."

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ."

"मशीन लावते मग. खरखर येईल."

"येऊ दे."

ती आत गेली. पुतणीने हातातली वायर दाखवून विचारलं, "हे सगळं काढू ना काका? उद्या सकाळी मला परत कामावर जायचंय."

"काढ." मग ती अँपजवळ वाकली तेव्हा तो म्हणाला, "तेवढं राहू दे. पेडल आधी, डबा नंतर. तुझ्या सभागृहाला डबा लगेच हवा आहे का?"

"त्यांना डबा आहे हेच माहीत नाही."

ती परत सोफ्यावर बसली, मग आडवी झाली, आणि थोड्या वेळात तिचा श्वास लांब झाला. त्याने दिवा लावला नाही. कांडी उचलली, खालच्या सुरावर टेकवली, आणि हात हलायच्या आधीच छेडला. सूर आला. हात हलला. आतल्या खोलीत मशीन सुरू झालं, कफाचं काज मोठं होऊ लागलं, आणि अँपमध्ये खरखर आली, सुराच्या अंगावरून, एकोच्या अंगावरून, सगळीकडून.

त्याने पाय उचलला नाही.